बाईसाहेबांच्या खोलीमागच्या ठोक्यांबाबत पुरवणी जबाब

माझे नाव, वडिलांचे नाव आणि पतीचे नाव वरच्या रकान्यात लिहून दिले आहे. पतीच्या नावापुढचा 'मयत' हा शब्द मी स्वतः लिहिला आहे. वय ५४ वर्षे, शिक्षण पदवीपर्यंत, धंदा नोकरी, राहणार संग्रहालयामागच्या गल्लीत, इस्त्रीच्या दुकानावरचा पहिला मजला. मी गेली अकरा वर्षे जुन्या बंगल्याच्या संग्रहालयात पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम करते. तिथे मला सगळे गाईडबाई म्हणतात.

मी आज गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात आले आहे आणि समक्ष सांगते की, रविवारी माझे पती बंगल्यात मरण पावले, त्याबद्दल मी त्याच दिवशी याच टेबलावर एक जबाब दिला होता. त्यात 'मला आतून कसलाही आवाज ऐकू आला नाही' असे एक वाक्य आहे. ते वाक्य खोटे आहे. मला आवाज ऐकू आला होता. ते खोडून तिथे खरे काय ते लिहावे, एवढ्यासाठी मी आले आहे.

हवालदारसाहेबांनी समजावून सांगितले की, दिलेला जबाब खोडता येत नाही, त्याला पुरवणी जोडता येते. तर पुरवणी जोडावी. माझी मुलगी बाहेर बाकावर बसली आहे. मी हा जबाब देऊ नये असे तिचे म्हणणे आहे. तिने मला इथपर्यंत आणले आहे, पण आत यायला ती तयार नाही.

बंगला दुमजली आहे. खाली दिवाणखाना, घड्याळांची खोली आणि चिनीमातीच्या भांड्यांची कपाटे आहेत. ती बघायला कोणी येत नाही. लोक येतात ते वरच्या मजल्यावरच्या बाईसाहेबांच्या खोलीसाठी. गोष्ट अशी की, घरमालकाची बायको, म्हणजे बाईसाहेब, आजारपणात याच पलंगावर पडून होत्या. नोकर हवा असला की त्या पलंगाशेजारच्या लाकडी भिंतीवर तीन ठोके द्यायच्या. एके दिवशी त्यांनी ठोके दिले आणि कोणी आलेच नाही. तेव्हापासून त्या ठोके देतात. ही गोष्ट खरी नाही. संग्रहालयाच्या दप्तरात बाईसाहेब ऐंशीव्या वर्षी मुलाच्या घरी वारल्याची नोंद आहे. पण ऐंशीव्या वर्षी मुलाच्या घरी वारलेल्या बाईची खोली बघायला कोण येणार? म्हणून मी दप्तरातले सांगत नाही.

माझे पती सुतारकाम करत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मीही लोकांसमोर मिस्त्रीच म्हणत असे. चार वर्षांपूर्वी बंगल्याच्या लाकूडकामाची दुरुस्ती त्यांच्याकडे आली. बाईसाहेबांच्या खोलीच्या लाकडी भिंतीमागे नोकरांच्या ये-जा करण्यासाठी पूर्वी केलेला एक बोळ आहे. रुंदी सव्वादोन फूट, लांबी बावीस फूट. हे माप मिस्त्रींचे आहे, त्यामुळे बरोबर असणार. त्याचे एक टोक विटांनी बुजवलेले आहे. दुसऱ्या टोकाला दार आहे, ते अडगळीच्या खोलीत उघडते. दाराला कडी बाहेरून आहे.

दुरुस्ती चालू असताना एकदा मी खोलीत सात-आठ पाहुण्यांना गोष्ट सांगत होते आणि मिस्त्री बोळात होते. त्यांना मी आल्याचे माहीत नव्हते. मी म्हटले, 'बाईसाहेब, पाहुणे आलेत,' आणि त्यांनी नेमके तेव्हाच आतून खिळ्यावर तीन घाव घातले. एका माणसाची बोबडी वळली. दोघी जणी जिन्यावरून पळत सुटल्या. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. घरी येऊन मी ह्यांना सांगितले तेव्हा आम्ही दोघे पोट दुखेपर्यंत हसलो. पुढच्या रविवारी ते हातोडी घेऊन मुद्दाम बोळात जाऊन बसले. सुरुवात अशी झाली. कल्पना कोणाची असे मला विचारले, तर दोघांची.

संग्रहालयाचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, त्यांना हे पहिल्या महिन्यापासून माहीत होते. मी त्यांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले आणि म्हणाले, 'मला काही सांगू नका. गर्दी वाढली आहे, एवढं मला दिसतंय.' मिस्त्री परवानगीशिवाय आत शिरले होते असे त्यांनी त्यांच्या जबाबात म्हटल्याचे मला कळले आहे. चार वर्षे दर शनिवारी आणि रविवारी मिस्त्री त्यांच्या खोलीसमोरून चालत आत जात आणि साहेब त्यांना नमस्कार करत. यापेक्षा जास्त मला साहेबांबद्दल बोलायचे नाही. मी इथे त्यांच्याबद्दल सांगायला आलेले नाही.

या कामाचे काही नियम होते. ते सगळे माझे होते. पहिला नियम, काहीही झाले तरी आतून तोंडाने आवाज काढायचा नाही. हा नियम एका शिंकेवरून झाला. बाईसाहेबांना शिंक आली म्हणून लोक इतके हसले की त्या फेरीचा पार विचका झाला आणि मी दोन दिवस ह्यांच्याशी धड बोलले नाही. दुसरा नियम, फोन आत न्यायचा नाही, कारण तो वाजतो. तो माझ्या पर्समध्ये असे. तिसरा, फेरी चालू असताना दाराला बाहेरून कडी. एकदा एक चौकस गृहस्थ अडगळीच्या खोलीत घुसून दार ओढत होता, तेव्हापासून मी कडी घालू लागले. फेरी संपली की मीच उघडायची. आत एक स्टूल, पाण्याची बाटली आणि बॅटरी ठेवलेली असे.

आत काही अडचण आली तर काय करायचे, हे आम्ही ठरवले नव्हते. 'दार उघड' यासाठी कुठला ठोका नव्हता. चार वर्षांत तो विषय निघाला नाही. पत्र्याच्या डब्यालासुद्धा मिस्त्री हवा जायला भोक ठेवत, पण हे त्यांना सुचले नाही आणि मलाही सुचले नाही.

आणखी एक गोष्ट लिहून घ्यावी, कारण तिच्याशिवाय पुढचे कळणार नाही. मिस्त्री आतून माझी फिरकी घेत. मी पाहुण्यांना सांगते की, मी या खोलीत एक अख्खी रात्र एकटीने काढली आहे. मी काढलेली नाही. मला घरी पालीचीसुद्धा भीती वाटते. त्यामुळे मी ते वाक्य बोलले की आतून हळूच एक जादा ठोका येई. त्याचा अर्थ, थापा मारू नकोस. पाहुण्यांना ते कळत नसे, मला कळे. लग्नाला एकतीस वर्षे झाल्यावर नवरा-बायकोत जेवढी मस्करी उरते, तेवढी आमची त्या भिंतीतून चाले. मला ती आवडत असे. मी त्यांना तसे कधी सांगितले नाही, उलट घरी आल्यावर रागावत असे.

रविवारी सकाळी ते चहा अर्धा टाकून उठले. डावा खांदा दुखतो म्हणाले. मी म्हटले, कुशीवर झोपला असाल, आणि मलम चोळून दिले. ते म्हणाले, डॉक्टरकडे जाऊन यावं का. मी म्हटले, आज चार फेऱ्या आहेत, उद्या सुट्टी आहे, उद्या दाखवू. ते बरे म्हणाले. ते नेहमीच बरे म्हणत.

सकाळच्या दोन फेऱ्या नीट झाल्या. दुपारी तीन पंचावन्नला ते पुन्हा बोळात गेले. जाताना म्हणाले, 'ही झाली की जरा उघड गं. दोन फेऱ्यांच्या मधे मोकळ्यावर येतो.' मी हो म्हटले आणि कडी घातली. हे आमचे शेवटचे बोलणे आहे.

चार वाजताच्या फेरीत एका कारखान्याच्या सहलीचे एकोणीस जण होते. खालच्या खोल्या दाखवून आम्ही चार अठ्ठावीसला वर आलो. मी गोष्ट सांगितली. मग म्हटले, 'बाईसाहेब, पाहुणे आलेत.' तीन ठोके आले. नेहमीपेक्षा सावकाश आले, पण आले. लोक एकमेकांना चिकटले. थोड्या वेळाने आणखी दोन आले. तेव्हा मी रात्र काढल्याचे वाक्य बोललेही नव्हते. मला वाटले, ह्यांना आज चेव चढलाय. मी म्हटले, 'आज बाईसाहेब गप्पा मारायच्या मनःस्थितीत आहेत.' सगळे हसले.

मग चार आले, एकाला एक लागून. चष्मा लावलेल्या एक बाई पुढे झाल्या आणि त्यांनी भिंतीला हात लावला. त्यांनी तीस वर्षे इस्पितळात काढल्याचे त्या जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या. त्या मला म्हणाल्या, 'आत माणूस आहे. हे ठोके खेळातले नाहीत.'

मी म्हटले, 'दर फेरीत कोणी तरी हे म्हणतंच. आज तुमचा नंबर लागला.'

पुन्हा सगळे हसले. त्या बाईंचा चेहरा पडला आणि त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. शंका घेणाऱ्या माणसाला चार लोकांत गप्प कसे बसवायचे, यात माझा हात कोणी धरणार नाही. अकरा वर्षे मी तेच केले आहे. मग एक ठोका आला आणि लाकडावर काही तरी घासल्यासारखा आवाज आला. तोही मी ऐकला. मला राग आला, कारण घासण्याचा आवाज आमच्यात ठरलेला नव्हता. चार चौतीसला मी लोकांना खाली नेले.

त्या चष्म्याच्या बाईंचा पत्ता सहलीच्या यादीत मिळेल. त्यांचा जबाब घ्यावा. आणि त्यांचे बरोबर होते, असे त्यांना माझ्याकडून सांगावे.

मी खाली आले तेव्हा पावणेपाचच्या फेरीचे लोक दारात येऊन थांबले होते. वर जाऊन कडी काढायला मला दोन मिनिटे लागली असती. मी गेले नाही. मनात म्हटले, केलेत ना चाळे, बसा आता तासभर. हे शब्द मी मनात म्हटले होते, ते कोणी ऐकलेले नाहीत, पण लिहून घ्यावेत.

पावणेपाचच्या फेरीत मी खोलीत उभी राहून म्हटले, 'बाईसाहेब, पाहुणे आलेत.' काही आले नाही. पुन्हा म्हटले. काही नाही. मला वाटले, रुसले किंवा डुलकी लागली. पाहुण्यांसमोर वेळ मारून न्यायची होती. म्हणून मी आवाज खाली आणून सांगितले की, बाईसाहेब गप्प असतात तेव्हाच जास्त जवळ असतात. लोकांच्या अंगावर काटा आला. एक बाई रडायला लागली, तिला तिच्या नवऱ्याने धरून बाहेर नेले. या फेरीला नेहमीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. त्या वेळी मिस्त्री माझ्यापासून हातभर अंतरावर होते.

फेरी पाच पस्तीसला संपली. त्यानंतरही मी लगेच वर गेले नाही. राग होता. मी खाली बसून चहा घेतला आणि पाच बावन्नला कडी काढली.

स्टूल आडवे झाले होते. बॅटरी चालू होती. मिस्त्री दाराकडे गेले नव्हते. दार स्टुलापासून सात फुटांवर होते, पण कडी बाहेरून आहे हे त्यांना माहीत होते. ते दुसऱ्या बाजूला, खोलीच्या भिंतीकडे सरकले होते. मी पाहुण्यांसमोर जिथे उभी राहते, बरोबर तिथे त्यांनी डोके टेकले होते. हातोडी मांडीवर होती. मी 'अहो' म्हणून तीन-चार वेळा हाक मारली. मग मी आरडाओरडा केला आणि पहारेकरी आला. पुढचे सगळे पंचनाम्यात आहे.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला सांगितले की, झटका आल्यावर ते निदान अर्धा तास जिवंत असावेत. वेळेवर आणले असते तर, एवढे बोलून त्यांनी वाक्य सोडून दिले. मला सोडलेली वाक्ये पुरी करता येतात, माझे कामच ते आहे.

रविवारी ठाण्यात येताना साहेब मला म्हणाले, 'वहिनी, आवाजाचं काही काढू नका.' माझी मुलगी म्हणाली, 'आई, तुला ऐकू आलं नाही एवढंच म्हण. मग सगळं सोपं होईल.' मी तसे म्हटले. सोपे झाले. त्या दिवशी मला झोपही लागली, याची मला लाज वाटते.

मंगळवारी मुलीच्या फोनवर एक चित्रफीत आली. कारखान्याच्या सहलीतल्या कोणी तरी ती काढली होती आणि ती हजारो लोकांनी पाहिली आहे. वर लिहिले आहे की, बाईसाहेबांनी माणसाचा बळी घेतला, त्याच्या आधीचे हे ठोके. लोक कानाला इयरफोन लावून ऐका असे एकमेकांना सांगतात. कोणी भीतीचे चेहरे टाकतो, कोणी हसतो. येत्या रविवारच्या सगळ्या फेऱ्या आताच भरल्या आहेत, असे पहारेकऱ्याने सांगितले. माझे पती मरताना मला बोलावत होते ते भुताचे ठोके म्हणून गावभर वाजते आहे. आणि माझ्या जबाबाप्रमाणे ते ठोके झालेलेच नाहीत. म्हणजे कागदावर ते मुकाट्याने मेले आणि फोनवर ते ठोके बाईसाहेबांचे. त्यांचे कुठेच राहिले नाहीत.

मुलीचे म्हणणे मला कळते. तिचे वडील गेले, आता तिला आईला सांभाळायचे आहे. ती काल म्हणाली, 'बाबांना आता काय फरक पडतो?' मला एवढेच कळते की त्यांनी हाक मारली होती. नियम पाळून, तोंडातून चकार शब्द न काढता, त्यांच्या हातात जे होते त्याने मारली होती. ती ज्या माणसाला मारली त्याच माणसाने 'ऐकू आली नाही' असे लिहून देऊन सही केली, तर ती मारलीच नव्हती असे होते. मला शिक्षा व्हावी म्हणून मी आलेले नाही, आणि होऊ नये म्हणूनही नाही. शिक्षेने मला काही होणार नाही. आता मला कशानेच काही होईल असे वाटत नाही.

हवालदारसाहेबांनी सदर चित्रफीत मला इथे दोन वेळा ऐकवली. ती दोन मिनिटे चाळीस सेकंदांची आहे. त्यात तीन, दोन, चार आणि एक असे एकूण दहा ठोके आहेत. ते माझ्या पतीचे आहेत. ठोक्यांनंतर जी बाई बोलते आणि हसते, तो आवाज माझा आहे. दोन्ही मी ओळखले.

इथपर्यंतचा जबाब मला वाचून दाखवण्यात आला. हवालदारसाहेबांनी विचारले की, आणखी काही सांगायचे आहे का. मी आधी नाही म्हटले. त्यांनी पाणी मागवले. मी पाणी प्यायले आणि हो म्हटले. पुढचे त्यांनी त्याच कागदावर खाली लिहून घेतले आहे ते असे.

चित्रफीत मी लोकांना जिन्याकडे वळवल्यावर संपते. लोक पुढे गेले. मी सगळ्यांत मागे होते, खोलीचे दार ओढायला. तेव्हा आणखी दोन ठोके आले. हे दोन कोणत्याही फोनमध्ये नाहीत आणि ते दुसऱ्या कोणीही ऐकलेले नाहीत. ते हळू होते. मी परत आत गेले. खोलीत मी एकटी होते. मी तेव्हा त्यांना हाक मारू शकले असते, कारण ऐकायला कोणी नव्हते. मी हाक मारली नाही. मी भिंतीवर तळहाताने एक थाप मारली. ही थाप आमच्यात ठरलेली होती. ती माझ्या बाजूची एकमेव खूण होती. तिचा अर्थ, पुरे. ती मारली की त्यांनी थांबायचे.

ते थांबले. त्यानंतर आतून काही आवाज आला नाही. त्यांनी माझे ऐकले.

हा सर्व मजकूर, खाली जोडलेल्या ओळींसह, हवालदारसाहेबांनी मला सावकाश पुन्हा वाचून दाखवला. तो मी जसा सांगितला तसाच उतरला आहे. त्यातले एकही वाक्य मला कमी करायचे नाही. सही माझीच आहे.